शून्य वेगळं, कोरं वेगळं
(वाचकांचे प्रश्न : जंगलातल्या रस्त्यावरची रहदारी)

मागच्या अंकात मी चोर्ला घाटात एक रात्र बसून गाड्या मोजल्या, त्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नव्या वाचकांसाठी सांगते : मी सत्तरीतल्या केरीची. रस्त्यांच्या सर्वेक्षणात रहदारी मोजण्याचं काम अठ्ठावीस वर्षं केलं. आता निवृत्त आहे, पण वही आणि पेन्सिल पिशवीत असतेच. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. काही पत्रांत एकच प्रश्न होता, ती एकत्र केली.

प्रश्न : ताई, मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. आमच्या शाळेसमोरून बेळगावचा रस्ता जातो आणि पुढे मोलेच्या अभयारण्यातून अनमोडला चढतो. नववीच्या मुलांना घेऊन या रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या आहेत. एका रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढं केलं तर पुरेल का? – शिक्षक, धारबांदोडा तालुका

सर, मोजणीची सवय लावायला पुरेल. जंगलाविषयी काही म्हणायचं असेल तर नाही पुरणार.

रविवार हा या रस्त्यावरचा सर्वांत वेगळा दिवस. बेळगाव-हुबळीकडच्या मोटारी शनिवारी उतरतात आणि रविवारी दुपारनंतर चढतात. त्या दिवशीची चढती बाजू पाहिली तर हा रस्ता पर्यटकांचा वाटेल. मंगळवारी पहाटे तोच रस्ता ट्रकवाल्यांचा असतो. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी १९७२ मध्ये जी पद्धत घालून दिली, तिच्यात सलग सात दिवस, रोजचे २४ तास, आणि वर्षातून निदान दोनदा मोजणी सांगितली आहे : एकदा गर्दीच्या दिवसांत, एकदा शांत दिवसांत. आपल्याकडे मी डिसेंबर आणि जुलै घेईन. चवथीचा आठवडा वेगळा मोजावा, सरासरीत मिसळू नये.

तुमच्याकडे मुलं आहेत आणि वर्ष हाताशी आहे, तेव्हा एका रविवाराऐवजी चार-पाच वेगवेगळ्या वारांचे दोन-दोन तास घ्या. कागदावर डावीकडे वेळ लिहा, दर पंधरा मिनिटांचा एक रकाना. तासाचा रकाना करू नका. एका तासात साठ गाड्या गेल्या एवढंच कळलं तर त्या मधे अंतर ठेवून एकेक गेल्या की शेपटाला शेपूट लावून घोळक्याने गेल्या, ते समजत नाही. जनावराच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच असतो. पुढच्या उत्तरात त्याविषयी लिहिलं आहे. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या वेगळ्या कागदावर. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. दुचाकी, मोटार, पिकअप-टेम्पो, बस, सहाचाकी, दहाचाकी आणि त्यावरचे, एवढे गट मुलांना डोळ्यांनी सहज ओळखता येतात. एका मुलाने ओरडायचं, दुसऱ्याने रेघ मारायची. बसायचं शाळेच्या कुंपणाच्या आत. साइडपट्टीवर मुलांना उभं करू नका, आणि रात्री तर मुळीच नाही. रात्रीची मोजणी मोठ्या माणसांनी, वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, चमकणारं जाकीट घालून करायची.

पण रात्रीची मोजणी व्हायला हवी, हे मी हट्टाने सांगते आणि त्याला कारण आहे. मी कामाला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. एका जंगलातल्या रस्त्यावर आम्ही तिघांनी आठवडाभर चोवीस तास मोजणी केली. रात्रपाळी माझी. गॅसबत्ती, मच्छर, पाऊस, सगळं सोसून मी साती रात्रींचे कागद नीट भरून दिले. काही महिन्यांनी त्या सल्लागार कंपनीचा अहवाल हाती आला. त्यात सकाळी आठ ते रात्री आठ एवढेच बारा तास होते, आणि पूर्ण दिवसाचा आकडा काढायला त्या बेरजेला एका ठरावीक गुणकाने गुणलं होतं. माझे रात्रीचे रकाने कुठेच नव्हते. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘बाई, रस्त्याची रुंदी ठरवायला रात्रीचे आकडे लागत नाहीत.’ रस्त्याच्या रुंदीपुरतं ते खरंही होतं. पण त्याच अहवालाच्या शेवटी वन्यजीवांवर होणाऱ्या परिणामांविषयी एक पान होतं आणि तेही त्या बारा तासांवर बेतलेलं होतं. ज्या वेळी जनावर रस्त्यावर येतं, ती वेळच कागदावरून पुसून टाकली होती. ते पान मी आजही विसरलेले नाही.

आणखी एक. अहवालांत तुम्हाला ‘पीसीयू’ हा शब्द भेटेल. सगळ्या वाहनांना मोटारीच्या मापात आणायचं. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी त्याच संस्थेच्या १९९० च्या कोष्टकात दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, बस किंवा ट्रक म्हणजे तीन, आणि बैलगाडी म्हणजे आठ. हे माप गाडी रस्त्यावर किती जागा अडवते, मागच्यांना किती खोळंबवते याचं आहे. जंगलाच्या कामाला ते चालत नाही. आठ मोटारींएवढी धरलेली बैलगाडी कुठल्याही भेकराला मारत नाही. मुलांना हे कोष्टक जरूर दाखवा आणि जनावराच्या बाजूने नवं कोष्टक करायला सांगा : रात्री अकराची वेगातली मोटार किती मोजायची, दुपारचा चढावर कण्हणारा ट्रक किती? नववीची मुलं हा वाद फार चांगला घालतील.

प्रश्न : मी बारा वर्षं बेळगावहून चोर्ल्याने भाजी आणतो. रात्री गाड्या कमी असतात हे तुम्हीही मान्य कराल. मग मेलेलं जनावर सकाळीच का दिसतं? दिवसाच्या एवढ्या गर्दीत का मरत नाही? – टेम्पोचालक, सत्तरी

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण जो रोज त्या वाटेने जातो त्यालाच हा प्रश्न पडतो.

पहिलं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. सांबर, पिसोरी, उदमांजर, साळिंदर ही सगळी मंडळी अंधाराची. दिवसा ती रस्त्यापासून लांब असतात. सकाळी दिसलेलं जनावर रात्रीच मेलेलं असतं. बारीकसारीक जीव तर सकाळपर्यंत टिकतही नाहीत. कावळे, मुंगूस, कुत्री उचलून नेतात. उजाडल्याबरोबर गेलं तर जे दिसतं, ते नऊ वाजता दिसत नाही. नऊ वाजता फिरून ‘काही मेलेलं नाही’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत.

दुसरं कारण वेग. दिवसा गर्दीच वेगाला आवर घालते. रात्री रस्ता मोकळा मिळतो आणि पाय दाबला जातो. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद धरले, तर ताशी ४० च्या वेगात गाडी थांबायला ४५ मीटर लागतात, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर. रस्ते आखणारे हेच आकडे वापरतात. उतारावर अंतर आणखी वाढतं. आता तुमच्या गाडीचा डिपर आठवा. त्याचा उपयोगी उजेड चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे डिपरवर ४० च्या वेगात तुम्ही जेमतेम थांबू शकता. ६० च्या वेगात जनावर दिसलं त्या क्षणीच वेळ निघून गेलेली असते, मग चालक कितीही निष्णात असो. त्यात गवा काळा. त्याच्या पायांचे पांढरे मोजे आधी दिसतात आणि धड मागून दिसतं, हे तुम्ही पाहिलं असेल.

तिसरं कारण मोजणीतूनच कळतं आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मागे एका जूनमध्ये, पहिले दोन पाऊस झाल्यावर, मी घाटात एका मोरीजवळ बसले होते. टॉर्चला लाल जिलेटिन लावलं होतं. मोरीच्या कठड्याखालून एक टोड, म्हणजे खरखरीत अंगाचा बेडूक, वर आला. अंगावर खडे उठलेले, चिखलाच्या रंगाचा. डांबरावर दोन उड्या मारल्या आणि थांबला. गळ्याखालची कातडी हलत होती तेवढीच. पुन्हा दोन उड्या, पुन्हा थांबणं. पलीकडे गवतात जाईपर्यंत माझ्या घड्याळात दोन मिनिटांहून थोडं अधिक झालं होतं. सात मीटर रुंदीचा रस्ता. तेवढ्यात गाडी आली नाही म्हणून तो गेला.

आता हिशेब करा. समजा, तासाला साठ गाड्या, म्हणजे सरासरी मिनिटाला एक, पण कशाही विखुरलेल्या. अशा रस्त्यावर सलग दोन मिनिटं एकही गाडी न येण्याची शक्यता शंभरात चौदाच्या आत येते. गाडी आली म्हणजे टोड चाकाखाली आलाच असं नाही, दोन चाकांच्या मधूनही वाचतो. तरी मोकळी वाट मिळण्याची आशा एवढीच. गाड्या तासाला वीसवर आल्या तर तीच शक्यता पन्नासच्या वर जाते. पण पुढची गोष्ट अशी की, गाड्या साठच ठेवल्या आणि त्या सहा-सहाच्या घोळक्याने गेल्या, म्हणजे तासाला दहा घोळके, तरी शक्यता शंभरात साठहून अधिक होते. गाडी एकही कमी केली नाही. त्यांच्यामधली मोकळी जागा तेवढी मोठी झाली.

म्हणून मी दिवसाच्या बेरजेपेक्षा दोन गाड्यांमधलं अंतर लिहायला सांगते. आणि म्हणूनच तुम्हाला विनंती : रात्री घाटात पुढे ट्रक लागला तर ओव्हरटेक करू नका. त्याच्या मागे राहा. तुमची पंधरा मिनिटं जातील, भाजी तरीही बाजार भरायच्या आत म्हापशाला पोचेल. तुमच्या मागे आणखी दोघे राहतील. तो घोळका गेल्यावर मागे जो शांत काळ राहतो, त्यात रानातलं कोणीतरी वाट ओलांडून जातं.

प्रश्न : मॅडम, मी फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकते. आम्हाला सरावासाठी ‘व्हास्ट चॅलेंज २०१७’ या डेटा-विश्लेषणाच्या स्पर्धेचा डेटा दिला आहे. लेकागुल नावाच्या काल्पनिक अभयारण्यात फाटकांवर आणि रेंजरच्या चौक्यांवर सेन्सर बसवले आहेत. प्रत्येक गाडीचा ओळख-क्रमांक, आसांनुसार (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या संख्येनुसार) प्रकार आणि वेळ दिली आहे. तिथल्या पिपिट पक्ष्यांच्या घरट्यांत घट झाली आहे. आम्हाला चार किंवा जास्त आसांचे ट्रक पहाटे २ ते ५ च्या दरम्यान फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या फाटकांतून जाताना सापडले. पक्षी ट्रकमुळे कमी झाले असं लिहू का? – विद्यार्थिनी

सापडलं हे फार छान झालं. यात बरेच जण अडतात, कारण ते डेटातल्या ओळी मोजत बसतात. एक गाडी दहा सेन्सरवरून गेली तर दहा ओळी पडतात, म्हणजे आत भटकणारी गाडी दहापट मोठी दिसते. तू आधी ओळख-क्रमांकाने सगळ्या ओळी एकत्र बांधल्यास आणि प्रत्येक गाडीची पूर्ण वाट काढलीस, हे तू पत्रासोबत पाठवलेल्या आकृतीवरून दिसतं. तेच बरोबर. गाडी आत किती वेळ थांबली हेही त्यातूनच निघतं : तासाभरात आरपार गेलेली, रात्रभर तंबूत राहिलेली, आणि आत शिरून बाहेरच न पडलेली. शेवटच्या प्रकाराकडे पुन्हा एकदा बघ.

पण ‘ट्रकमुळे’ असं लिहू नकोस. डेटावरून एवढंच म्हणता येतं की, मनाई असलेल्या वाटेने, रात्रीच्या सर्वांत शांत वेळी, ठरावीक प्रकारची वाहनं पुन्हा पुन्हा गेली. घरटी त्या वाटेच्या जवळ होती का? घट ट्रक सुरू झाल्यानंतरची की आधीपासूनची? वाटेपासून दूरच्या घरट्यांतही तेवढीच घट आहे का? आणि हे लक्षात घे की त्याच स्पर्धेचे आणखी भाग होते : एकात आसपासच्या कारखान्यांतून हवेत जाणारी रसायनं, दुसऱ्यात उपग्रहाची छायाचित्रं. म्हणजे प्रश्न रचणाऱ्यांनीच संशयित एकापेक्षा जास्त ठेवले होते. एका भागावरून निकाल द्यायचा नसतो.

जाता जाता : ते अभयारण्य काल्पनिक असलं तरी बूनसॉंग लेकागुल हे थायलंडमधले खरेखुरे डॉक्टर होते. पक्षी आणि प्राण्यांचा अभ्यास करून तिथल्या निसर्गरक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. नाव कोणाचं आहे हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

आपल्या भागात हेच करायचं तर सेन्सर नसले तरी चालतं. चार आसांचा ट्रक म्हणजे आपला बाराचाकी, तो अंधारात आवाजावरूनही ओळखू येतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसव. दोघांनी नंबरप्लेटचे फक्त शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. पूर्ण नंबर लिहू नका, कोणाची गाडी कुठे गेली हे आपल्याला नको आहे. दोन याद्या जुळवल्या की कोण आरपार गेलं, किती वेळात गेलं, म्हणजे सरासरी काय वेगाने गेलं, आणि कोण मधेच थांबलं, हे सगळं कागदावर उतरतं. आठवड्याभराच्या याद्या घेऊन ये, आपण एकत्र बसू.

प्रश्न : माझे यजमान कुळ्याहून दूधसागरला पर्यटकांची जीप चालवतात. पाऊस संपला की हंगाम सुरू होतो, पावसात सगळं बंद. ‘जीपवाल्यांनी जंगल बिघडवलं’ असं ऐकलं की जिवाला लागतं. मोजणी केली तर खरं-खोटं ठरेल का? – गृहिणी, कुळे

बाय, काही अंशी ठरेल, आणि जे ठरेल ते तुमच्या बाजूचंही असेल आणि विरुद्धही. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा.

तुमच्या बाजूचं आधी. जीप दिवसा चालते, खडबडीत वाटेवर हळू चालते, रात्री त्या वाटेवर शांतता असते. रात्री भरधाव मोटारी जाणाऱ्या घाटरस्त्याची आणि या वाटेची तुलना होऊ नये. विरुद्धचं असं की, सगळ्या जीपा सकाळी एकाच वेळी आत शिरतात. ओढा ओलांडायच्या जागी रांग लागते, इंजिनं चालू राहतात, पाणी गढूळ होतं आणि तेच पाणी पुढे वाहतं.

इथे दिवसभरात किती जीपा गेल्या हा आकडा फारसा कामाचा नाही. एका वेळी आत किती आहेत, हा आकडा काढा. सोपं आहे : फाटकावर आत गेलेल्यांतून बाहेर आलेल्या वजा करा, दर अर्ध्या तासाने. समजा, दिवसाला शंभर जीपा आणि प्रत्येक जीप तीन तास आत. सगळ्या दोन तासांत शिरल्या तर एक वेळ अशी येते की शंभरच्या शंभर आत असतात. त्याच शंभर आठ तासांवर सारख्या वाटून सोडल्या तर एका वेळी आत सदतीस-अडतीस राहतात. कोणाची फेरी बुडत नाही, कोणाच्या घरची चूल बंद होत नाही, आणि आतली गर्दी एक-तृतीयांशाच्या थोडी वर एवढीच राहते. प्रत्येक जीप आत कधी गेली आणि बाहेर कधी आली, एवढी नोंद हाताशी असली की हा हिशेब तुम्ही घरी बसून करू शकता. यजमानांना सांगा, आपणहून हा तक्ता मांडा. दुसऱ्या कोणी तो मांडेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : रस्ता रुंद झाला की कोंडी संपेल, अपघात कमी होतील, जनावरंही कमी मरतील असं म्हणतात. जुन्या आकड्यांशी तुलना करून हे तपासता येईल का? – वाचक, पणजी (याच आशयाची आणखी तीन पत्रं आहेत.)

जुन्या आकड्यांशी तुलना करताना आधी वर्ष कोणतं ते पाहा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिजाचे टिपर ज्या रस्त्यांवर होते तिथे या वर्षांत आकडे एकदम कोसळलेले दिसतात. २०२० तर टाळेबंदीचं. २०१२ नंतरचा आकडा पाया धरला तर आजची वाढ भयंकर वाटेल, २०११ चा धरला तर काहीच वाढ नाही असं वाटेल. दोन्ही चूक. निदान तीन-चार वेगवेगळी वर्षं समोर ठेवा.

आणि मेलेल्या जनावरांचा आकडा खाली आला तर आनंद मानायच्या आधी थांबा. गाड्या वाढत गेल्या की सुरुवातीला मृत्यू वाढतात आणि नंतर कमी होतात, कारण जनावरं त्या रस्त्याकडे यायचीच बंद होतात. युरोपातल्या रस्तेबांधणीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याच्या ढोबळ पायऱ्या दिल्या आहेत : दिवसाला हजाराच्या खाली वाहनं असली तर बहुतेक प्राणी पार होतात, चार हजारांच्या पुढे रस्ता मोठा अडसर होतो आणि दहा हजारांच्या पुढे बहुतेकांसाठी ती भिंतच. आपले प्राणी वेगळे, आपले रस्ते वेगळे, तेव्हा आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. क्रम मात्र तोच आहे. मोलेचं जंगल, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून, २४० चौरस किलोमीटर. त्यातून महामार्ग जातो, रेल्वे जाते. जंगलाचे तुकडे पडले की अलीकडची भेकरं आणि पलीकडची भेकरं एकमेकांना भेटत नाहीत, आणि रस्त्यावर एकही मेलेलं दिसत नाही.

उपाय नाहीत असं नाही. कर्नाटकात बांदीपूरच्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ रहदारी बंद आहे, ठरावीक बस आणि तातडीची वाहनं सोडून. महाराष्ट्रात पेंचजवळ नागपूर–सिवनी रस्ता चौपदरी करताना जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली, त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची. तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी त्या वाटांवर दिसले. आपल्याकडे मोलेतून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, मात्र जैवविविधतेवरील परिणामांचा तपशीलवार अभ्यास करायला वाट मोकळी ठेवली. असा अभ्यास कुठल्याही रस्त्याचा होईल तेव्हा त्यात रात्रीचे बारा तास आहेत का, हे प्रत्येक वाचकाने विचारावं. खालून वाट कुठे ठेवायची हे जनावरं कुठे ओलांडतात यावर ठरतं, आणि ते रात्रीच कळतं.

प्रश्न : मी नेत्रावळीकडची. वय चौऱ्याहत्तर. घर रस्त्याला लागून आहे, पलीकडे रान. रात्री झोप लागत नाही, गाड्यांचे आवाज ऐकत पडून असते. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. माझा काही उपयोग होईल का?

आजी, तुमच्याएवढा उपयोग कोणाचाच नाही. आम्ही परवानगी काढून, जाकीट घालून जिथे एक रात्र बसतो, तिथे तुम्ही वर्षाच्या सगळ्या रात्री आहात. नेत्रावळीच्या अभयारण्याला लागून असं घर आणि असा कान मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

दिसायची गरज नाही. दुचाकी, मोटार आणि ट्रक हे तीन आवाज तुम्हाला वेगळे कळतातच. गाडी खालून वर गेली की वरून खाली आली, हेही गिअरच्या आवाजावरून कळेल. उशाशी दोन डबे ठेवा, एक चढणाऱ्यांचा, एक उतरणाऱ्यांचा. मोटारीला चिंचोका, ट्रकला सुपारी, दुचाकीला चण्याचा दाणा. घड्याळाचा तास पडला की डबे बदलायचे, म्हणजे तासाला एक जोडी. दुसरी-तिसरी जोडी नातवाकडून आधीच मांडून घ्या. सकाळी त्यानेच मोजून वहीत लिहावं. हॉर्न वाजला, करकचून ब्रेक लागला, गव्यांचा कळप फुरफुरला, भेकर ओरडलं, तर तेही सांगा, तो लिहून घेईल.

एकच काळजी घ्या. एखाद्या तासात एकही गाडी गेली नाही तर वहीत शून्य लिहायला लावा. आणि तुमचा डोळा लागला असेल तर तो तास कोरा ठेवायला सांगा, शेजारी ‘झोपले होते’ असं लिहून. शून्य म्हणजे रस्ता रिकामा होता. कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही. माझ्या हाताखालच्या शिकल्यासवरल्या मुलांनाही हा फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागे. एखादी झोप लागलेली रात्र आली तर वाईट वाटून घेऊ नका, छान झोपा. पौर्णिमा-अमावास्या तुम्हाला तोंडपाठ असेलच, तीही तारखेपुढे लिहा, कारण चांदण्यात जनावरांचं हिंडणं बदलतं. पहिली वही भरली की कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि नवी देऊन जाईन.